शिलोत्री हक्क
शिलोत्री हक्क : पूर्वीच्या कुलाबा (1981 पासून रायगड) जिल्ह्यातील खार जमिनींशी निगडित हक्क. भरतीचे पाणी थोपविणारा बांध घालून जमीन भातपिकाखाली आणणाऱ्या व बांधाची डागडुजी करणाऱ्या शिलोत्रीदारास त्याबद्दल कुळांकडून धान्य मिळे. बांध फुटल्यास जमीन काही वर्षे नापीक होई. त्यामुळे हा मोबदला वस्तुतः कर्तव्याचा होता, पण कालांतराने धान्याची वसुली तेवढी नियमित राहिली. 1948 च्या मुंबई खार जमीन अधिनियमाने बांधबंदिस्तीत सरकारी पैसा आला. 1955 च्या अधिनियमाने शिलोत्री हक्क नष्ट झाले. डागडुजीची गरज मात्र उरली आणि 1979 च्या अधिनियमानंतर ती जबाबदारी मुख्यतः शासनावर आली. तोवर पनवेल खाडीकाठची बरीच खाचरे नवी मुंबईसाठी संपादित होऊ लागली होती.