म्हशी हाकलल्या आणि तळं गवतानं भरलं

थंडी सुरू झाली की नांदूरमध्यमेश्वरचे फोटो फिरायला लागतात आणि त्याखाली एक कमेंट ठरलेली असते : "पक्षी वाचवायचे असतील तर आधी ती गुरं आणि माणसं बाहेर काढा."

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा प्रयोग आपल्या देशात एकदा करून झालाय, आणि त्यात माणसं मेलीत. तोही कुठे, तर भरतपूरला. आपल्या नांदूरमध्यमेश्वरला आपण कौतुकानं "महाराष्ट्राचं भरतपूर" म्हणतो ना, त्याच भरतपूरला. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

पहिली गोष्ट म्हणजे भरतपूरची पाणथळ निसर्गानं आयती दिलेली नाही. राजस्थानातल्या त्या कोरड्या मुलखात एक खोलगट जागा होती. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पाणी पावसाळ्यात तिथे पसरायचं. अठराव्या शतकात राजा सूरजमलच्या काळात अजान बांध झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संस्थानानं त्या खोलगट भागात छोटे बांध घातले, पाट काढले, दरवाजे बसवले. कुठल्या तळ्यात किती पाणी ठेवायचं हे माणसाच्या हातात आलं.

हा एवढा खटाटोप कशासाठी? बदकं मारण्यासाठी. लाटसाहेब पाहुणे आले की त्यांना शिकार घडवायची, ही संस्थानिकांची त्या काळातली मोठी राजकीय सोय होती. केवलादेवाच्या देवळाजवळ आजही दगडी फलक उभे आहेत. कोणत्या तारखेला, कोणासाठी, किती बंदुका आणि किती पक्षी, असा सगळा हिशेब त्यावर कोरलाय. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते. त्या एका दिवसाचा आकडा आहे ४,२७३ पक्षी.

वाचून अंगावर काटा येतो. पण हेही खरं की ही शिकार नसती, तर तिथे पाणी राखलं गेलं नसतं. जे पक्षी मारायचे ते दरवर्षी यायला तर हवेत! शिकाऱ्यामुळे पाणथळ टिकणं ही एकट्या भरतपूरची गोष्ट नाही. अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी घेऊन राखल्या जातात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं वाट वेगळी धरली, शिकार बंद केली. ते बरंच झालं. मुद्दा इतकाच की या जागा कुणीतरी, कशासाठी तरी, वर्षानुवर्षं राबून राखल्या होत्या.

आता फलकावर नाव नसलेली मंडळी. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या याच पाण्यात चरत होत्या. त्यांनी गवत खाल्लं, चिखल तुडवला, शेण टाकलं. गावकरी गवत कापून न्यायचे, सरपण गोळा करायचे, वाळ्याची मुळं खणायचे. शिकारीच्या दिवशी राजा मालक, एरवी गुराखी. कागदावर याची नोंद फारशी नव्हती, पण तळ्याचा कारभार असाच चालत होता.

स्वातंत्र्यानंतर गावकऱ्यांनी मागणी केली की पाणथळ मोडा, जमीन आणि पाणी शेतीला द्या. गैर काहीच नव्हतं त्यात. तेव्हा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सालिम अली मध्ये पडले, थेट नेहरूंपर्यंत गेले आणि जागा वाचली. १९५६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झालं. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत राहिला. म्हणजे एकीकडे अभयारण्य, दुसरीकडे बार! १९८१ मध्ये जागा रामसर यादीत गेली आणि लगोलग राष्ट्रीय उद्यान झाली.

इथे गाडी अडली. आपल्या कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यात मोठा फरक आहे. अभयारण्यात चराईला नियम घालून परवानगी देता येते. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदीच. शिवाय त्या वेळच्या बहुतेक जाणकारांचं, खुद्द सालिम अलींचंही मत असंच होतं की गुरांमुळे नुकसान होतं. १९८२ च्या नोव्हेंबरात बंदीची अंमलबजावणी झाली. गावकरी चिडले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला. त्यात गावकरी मेले. दोष काय, तर म्हशी रोजच्या जागी चरायला न्यायच्या होत्या.

आता पुढचं नीट वाचा.

त्याच काळात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा तिथे दीर्घ अभ्यास चालू होता. डॉ. व्ही. एस. विजयन आणि त्यांचे सहकारी दहा वर्षं मोजमाप करत होते. बंदीनंतर त्यांना काय दिसलं? पॅस्पॅलम नावाचं पाणगवत बेफाम वाढलं. उघडं पाणी झाकलं गेलं. उघडं पाणी नाही तर पोहणारी बदकं उतरणार कुठे, आणि मासे वाढणार कसे? म्हशी फुकटात करत होत्या ते काम आता कुणीच करत नव्हतं. पुढे गवत हटवायला यंत्रं लावून पाहिली आणि गावकऱ्यांनाच हातानं कापून न्यायची मुभा द्यावी लागली. अभ्यासाचा निष्कर्ष असा आला की म्हशींची चराई पाणथळीच्या फायद्याचीच होती. ज्या संस्थेच्या मोठ्या माणसानं बंदीला पाठिंबा दिला, त्याच संस्थेनं आकडे मांडून हे सांगितलं. विज्ञान असं असतं, आपलंच म्हणणं खोडायला तयार. पण तोवर अंत्ययात्रा निघून गेल्या होत्या.

म्हैस म्हणजे सगळ्यावर औषध, असंही नाही. भरतपूरचं पुढचं दुखणं पाण्याचं निघालं. गंभीर नदीवर वर करौलीत पांचना धरण झालं आणि दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला. तळी कोरडी पडली. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. सायबेरियन क्रौंच तर २००२ नंतर भरतपूरला दिसलाच नाही. त्याला वाटेतल्या देशांमधली शिकारही कारण आहे, खापर एकावर फोडता येत नाही. पण एवढं कळतं की कुंपण घालून पाणथळ राखली जात नाही. पाणी कुणाकडून येतं आणि गवत कोण खातं, हे दोन्ही बघावंच लागतं.

आता आपल्याकडे या. गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळचा आपला बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बांधला, पक्ष्यांसाठी नाही. गाळ साचला, उथळ पाणी पसरलं, पाणगवत आलं आणि मागोमाग पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. म्हणजे हीसुद्धा माणसाच्या कामातून घडलेली जागा. काठावर आजही शेती आहे, गुरं आहेत. चापडगावची पोरं पर्यटकांना पक्षी दाखवतात, तीही याच गावांतली.

म्हणून उद्या कुणी "सगळं बंद करा" म्हणालं, तर आधी तीन प्रश्न विचारा. किती गुरं, कुठे, कोणत्या महिन्यात चरतात हे मोजलंय का? ती थांबली तर गवत कोण कापणार, आणि त्याचे पैसे कोण देणार? निर्णयाच्या बैठकीत काठावरचा शेतकरी आणि गुराखी बसलेत का?

उत्तर कदाचित "चराई कमी करा" असंही येईल. येऊ दे, मोजून आलं असेल तर मान्य करू. भरतपूरला आधी गोळी चालली आणि मोजमाप मागून हाती आलं. आपल्याकडे क्रम बदलायला अजून वेळ आहे.