अठरा टाक्यांचा हिशोब

करड्या आणि पांढऱ्या लोकरीची शाल मी तिसऱ्यांदा उसवली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. नक्षी अठरा टाक्यांची, आणि ओळीच्या शेवटी सतराच उरत होते. कुठेतरी जाळीचा एक टाका घ्यायचा राहिला होता.

ही नक्षी शेटलंडची. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात विखुरलेली शंभरेक बेटं. तिथे झाडं जवळजवळ नाहीत. आहेत ती वारा, मेंढ्या आणि चहूबाजूंनी लाटा. नक्षीला ‘ओल्ड शेल’ म्हणतात. नाव शिंपल्यावरून आलं असं सांगतात, पण मला ती पाहून भरती ओसरल्यावर वाळूवर राहणाऱ्या रेघाच आठवतात.

आईनं शिकवलेल्या सुलट-उलट टाक्यांपलीकडे तिच्यात फार काही नाही. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. चौथी मागच्या बाजूनं सुलट विणायची, म्हणजे पुढून तिचा उंचवटा दिसतो. खरी गंमत तिसऱ्या ओळीत. तीनदा दोन-दोन टाके एकत्र विणायचे. मग सहा वेळा सुईवर नुसता धागा घेऊन एकेक टाका सुलट. पुन्हा तीनदा दोन-दोन एकत्र. सहा टाके गेले, सहा नवे आले; बेरीज अठराच. पण जिथे टाके घटले तिथे वीण आक्रसते, जिथे वाढले तिथे पसरते, आणि सरळ विणलेली ओळ लाटेसारखी वाकते. चार ओळी करड्या, चार पांढऱ्या. रंग कुठेच वळवावा लागत नाही, तो आपोआप वळतो.

शेटलंडच्या बायका ही नक्षी ‘हॅप’च्या काठांना विणत. हॅप म्हणजे रोज अंगावर लपेटायची शाल: मधला चौकोन साधा, भोवती लाटांचे पट्टे. रंग बहुधा मेंढीचेच, पांढरा, राखाडी किंवा ‘मूरिट’ हा तांबूस तपकिरी. कमरेच्या पट्ट्याला घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली चामड्याची छोटी गादी असे. एक सुई तिच्यात खोचली की चालतानाही विणता येई. दलदलीतून कापलेल्या पीटच्या, म्हणजे जळणाच्या, ढेकळांनी भरलेली टोपली पाठीवर, आणि हात विणकामात.

या विणीची किंमत काय मिळत होती, ते १८७२ साली कागदावर आलं. मजुरीच्या बदल्यात माल देण्याच्या पद्धतीची चौकशी करायला ब्रिटिश सरकारनं नेमलेले विल्यम गथ्री लेरविकला आले. बायकांनी त्यांच्यासमोर साक्षी दिल्या. शाल घेऊन दुकानात गेलं की रोख रक्कम मिळत नसे. मिळे चहा किंवा कापड. काहीच नको असेल तर पुढे कधीतरी माल घ्यायची चिठ्ठी. पण घरभाडं चहानं भरता येत नाही. काहीजणी तोच चहा शेजारपाजारी देऊन त्या बदल्यात पीठ आणत. विणीतला एकेक टाका मोजून घेणाऱ्या या बायकांना स्वतःच्या श्रमाचा हिशोब मात्र दुकानदाराच्या वहीतूनच कळायचा.

१८८७ च्या कायद्यानं घरी बसून लोकरीचं विणणाऱ्यांनाही कामगार मानलं. त्यांचा माल घेणारा दुकानदार कायद्यासाठी त्यांचा मालक ठरला, आणि मोबदला पैशांत देणं त्याला भाग होतं. पण प्रथा कायद्यापेक्षा चिवट निघाली; मालाच्या बदल्यात माल पुढेही बराच काळ चालू राहिला.

हे वाचत होते त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एकीनं माझी अर्धवट शाल पाहिली. “किती गोड! मलाही एक करून दे ना, लोकरीचे पैसे देते.” तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मीही हसून “बघू” म्हणाले. ऑफिसच्या टाइमशीटमध्ये मी अर्ध्या तासाचाही हिशोब भरते. शालीचे तास मात्र मी स्वतःसुद्धा कधी मोजले नव्हते. सुया हातात असल्या की त्याला आपण छंद म्हणतो.

त्या रात्री चुकलेली जागा सापडली. चौथ्या आवर्तनात धागा घ्यायचा राहिला होता. ती ओळ पुन्हा विणली, अठरा भरले. मग फोनमध्ये नवी नोंद उघडली आणि लिहिलं: शाल, आतापर्यंत एक्केचाळीस तास. दुसऱ्या दिवशी तिला तोच आकडा पाठवला आणि विचारलं, आता सांग, करू का?