लाल हापसा, हिरवा हापसा

पाणी नितळ आहे, वास नाही, चव गोड आहे, की आपण म्हणतो, पाणी चांगलं आहे. या समजुतीची केवढी किंमत मोजावी लागते, त्याचा इतिहास आज पाहू. हा इतिहास बांगलादेशाचा आणि त्याला लागून असलेल्या आपल्या पश्चिम बंगालचा आहे.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या गाळाने बनलेला हा सखल मुलूख. पूर्वी बायका तळ्याचं, नदीचं पाणी भरायच्या. त्याच तळ्यात धुणं, भांडी, गुरं, अंघोळी. कॉलरा आणि जुलाबाने असंख्य लहान मुलं दगावायची. म्हणून १९७० च्या दशकात बांगलादेश सरकारने युनिसेफच्या मदतीने गावोगावी हापसे बसवायला सुरुवात केली. माती मऊ, पाणी फार खोल नाही, त्यामुळे खर्च कमी. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने परसात हापसे घेतले. तिथले बहुतेक हापसे असे खासगी आहेत. बाईची पायपीट वाचली. पाण्यातले जंतूही कमी झाले. पण जमिनीतून पाण्यात आणखी काय उतरतं, हे कोणी तपासलं नव्हतं.

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतले रुग्ण आले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात आणि तळपाय कडक, खरखरीत. कारण निघालं हापशाच्या पाण्यातलं आर्सेनिक. सोमल म्हणतात ते विष याच आर्सेनिकचं. ते कोणी पाण्यात टाकलेलं नव्हतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात, लोहाच्या कणांना ते चिकटलेलं असतं. जमिनीखाली जिथे हवा पोचत नाही, तिथे ते सुटतं आणि पाण्यात मिसळतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही. अंगावर खुणा दिसायला कित्येक वर्षं लागतात, आणि पुढे त्वचा, फुप्फुस, मूत्राशय यांचा कर्करोगही होऊ शकतो.

१९८७ पर्यंत डॉ. साहांकडे बांगलादेशातले रुग्णही आले होते. पण बांगलादेशात पाण्यातल्या आर्सेनिकची खात्री झाली ती १९९३ साली, चापाई नवाबगंज जिल्ह्यात. तोवर घरोघरी तेच पाणी प्यायलं जात होतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या काही भागातलं भूजल तपासलं होतं. अनेक घटक मोजले, पण त्यात आर्सेनिक नव्हतं. पुढे हे प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयात गेलं. २००६ साली तिथल्या सर्वोच्च पातळीवर निकाल संस्थेच्या बाजूने लागला. निकाल काही लागो, आपल्यासाठी धडा असा की जे शोधलं जात नाही, ते अहवालात येत नाही. ‘पाणी तपासलंय’ असं कोणी सांगितलं, तर ‘कशासाठी तपासलं?’ हे विचारायलाच हवं.

किती आर्सेनिक घातक? बांगलादेशाची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरच्या दोन टँकरमध्ये मिळून एक ग्रॅम. भारताची मर्यादा आज १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे तसल्या दहा टँकरमध्ये एक ग्रॅम. हे डोळ्याला कसं दिसणार? ते चाचणीलाच दिसतं.

मग मोठी मोहीम निघाली. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथले जवळपास ५० लाख हापसे तपासले गेले. मर्यादेच्या आतल्या हापशाच्या तोंडाला हिरवा रंग, बाहेरच्याला लाल. सुमारे १४ लाख हापसे लाल निघाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावं, अशी ही खूण. लाल हापशाचं पाणी धुण्या-भांड्याला चालेल, पिण्याला आणि स्वयंपाकाला नाही. आणखी एक गोष्ट पुढे आली: एका घरचा हापसा लाल, तर हाकेच्या अंतरावरचा हिरवा. म्हणजे शेजारणीचा अहवाल आपल्या हापशाला लागू होत नाही.

यात बायकांना दुहेरी सोसावं लागलं. अंगावरचे ठिपके संसर्गाचे समजून मुलींची लग्नं अडली, काहींना नवऱ्याने माहेरी पाठवलं. खरं तर हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. आणि आपला हापसा लाल निघाला, की रोज दुसऱ्याच्या दारात पाणी मागायला जायचं तेही बाईनेच. तरीही लाखो घरांनी पाणी बदललं. पण पुढे रंग उडाले आणि नवे हापसे न तपासताच बसत गेले, म्हणून हा प्रश्न तिथे अजून संपलेला नाही.

आता आपल्याकडे बघू. महाराष्ट्रात मुख्य काळजी फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतूंची. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने लहानपणीच दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. नायट्रेट खतांतून आणि सांडपाण्यातून येतं, ते तान्ह्या बाळांना घातक. ही दोन्हीही उकळून जात नाहीत.

सार्वजनिक पाण्याचे नमुने घेतले जातात. तुमच्या घरची विहीर, शेतातला बोअर मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय सहसा कोणी तपासत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फिल्ड टेस्ट किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. किटमध्ये शंका आली, तर नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. जंतूंची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर करा. फ्लोराइड आणि नायट्रेटची वर्षातून एकदा तरी करा, आणि नवा बोअर घेतला तर पहिला हंडा भरण्याआधी.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीचं एक पान यासाठी ठेवा. घर, विहीर की बोअर, तारीख, काय तपासलं, किती आलं. आणि ज्या घरचं पाणी चांगलं निघेल, तिने शेजारणीला दोन हंडे भरू द्यावेत. बांगलादेशातल्या कितीतरी घरांचा जीव अशाच हिरव्या हापशाच्या शेजारणीमुळे वाचला आहे.