एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा घराचा हक्क

एचआयव्हीवरील एआरटी उपचार सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली तर विषाणू इतका दबतो की शरीरसंबंधातूनही तो पुढे जात नाही. पण गोळी रोज घ्यायची तर ती ठेवायला हक्काची जागा लागते. घोडे तिथेच पेंड खाते.

धाराशिव जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. पाचट, ताडपत्रीची ती एकच खोली. त्यातच चूल, त्यातच झोपणे. गोळ्यांची बाटली लपवायची कुठे? उपचार केंद्र गावाकडे, फड दूर, डोस चुकतो. एचआयव्ही असलेल्यांचा सर्वाधिक जीव घेतो तो क्षयरोग, आणि क्षयाचे जंतू कोंदट, दाटीच्या जागेत हवेतून पसरतात. त्यामुळे साधा खोकला असला तरी क्षयाची तपासणी करून घ्यावी. गाव सोडण्यापूर्वी केंद्रात सांगितल्यास कामाच्या जवळ गोळ्या मिळण्याची सोय होऊ शकते.

गावातही घर टिकेलच असे नाही. नवरा गेला की सासरचे सुनेला बाहेर काढतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, हासेगावात रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' उभे केले. ती मुले गावच्या शाळेत येऊ लागली तेव्हा २००९ मध्ये पालकांनी आपल्याच मुलांना शाळेत पाठवणे बंद केले. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीमुळे घर भाड्याने नाकारणे किंवा खाली करायला लावणे हा त्यानुसार भेदभाव ठरतो. एकत्र राहत्या घरातून सुनेला किंवा मुलाला काढता येत नाही. तक्रार राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे करायची. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. तिथे जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि जागेची नोंद पाहतात. आजार सांगण्याची गरजच नाही. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधित बसतात, पण त्या आधारावर अर्ज केला तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून कार्यकर्त्याने अर्ज भरण्याआधी त्या व्यक्तीला हे समजावून सांगावे, आणि तिच्या संमतीशिवाय ग्रामसेवकालाही काही कळू देऊ नये.