मज्जा : शवागारातून खाटेपाशी

१८६८ साली क्योनिग्जबर्ग येथे अर्न्स्ट नॉयमन यांनी आणि त्याच वर्षी इटलीत जूलिओ बिझ्झोझेरो यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत रक्त दुसरे आणि मज्जा सहावी. त्या क्रमाला सरावलेल्या मनाला ही उलटी गंगाच वाटावी. तथापि हे ज्ञान मृतदेह आणि प्राणी यांच्या अभ्यासातून आलेले होते. जिवंत माणसाची मज्जा पाहायची, तर हाडाला शस्त्रक्रियेने छिद्र पाडावे लागे.

१९२७ मध्ये लेनिनग्राडच्या मिखाईल आरिंकिन यांनी पाठीतले पाणी काढण्याची साधी सुई छातीच्या मधल्या हाडात घालून मज्जा ओढून घेतली. तपासणी अशी रुग्णाच्या खाटेपाशी आली. उरोस्थीच्या मागेच हृदय असल्याने पुढे कमरेच्या मागील हाडाला पसंती मिळाली. १९७१ साली जमशिदी यांची टोकाशी निमुळती सुई आली आणि हाडाचा सलग तुकडा न चुरडता बाहेर काढणे सुकर झाले.

सुई सुधारली, तरी वेदना पुरती गेली नाही. स्थानिक भूल कातडी आणि हाडाचे आवरण बधिर करते, हाडाच्या आत ती पोहोचत नाही. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढताच क्षणभर तीव्र कळ येते. रुग्ण कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, बहुधा जागा असतो. डॉक्टर त्याच्या पाठीमागे असतात. त्यांचा चेहरा त्याला दिसत नाही, फक्त शब्द ऐकू येतात.

म्हणूनच भाषेच्या अभ्यासकांनी येथे थांबायला हवे, असे आम्हांस वाटते. मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द मराठीने मेंदू आणि मणक्याच्या व्यवस्थेसाठी रूढ केले. 'मज्जेची तपासणी' म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात मणका आणि पांगळेपण उभे राहिले, तर तो त्याच्या अज्ञानाचा दोष नव्हे. आपल्या परिभाषेने एकाच शब्दावर दोन अवयव लादले आहेत. वास्तविक या तपासणीत सुई मज्जारज्जूच्या वाटेला जातही नाही. 'कमरेच्या हाडातला, जिथे रक्त तयार होते तो गर' एवढे साधे वाक्य संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी उच्चारले गेले, तर ती सही खऱ्या अर्थाने रुग्णाची ठरेल.