एसएसडी फर्मवेअर अपडेट : लॅपटॉपमधील अडचणी व दुरुस्ती

लॅपटॉपच्या एसएसडीमध्ये स्वतःची नियंत्रक चिप असते. तिला चालवणारी छोटी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. कोणती माहिती फ्लॅश मेमरीच्या कोणत्या भागात ठेवली, कोणता भाग झिजला, कोठे लिहिणे थांबवायचे, हा सगळा कारभार तिच्याकडे असतो. विंडोज नव्याने टाकली, फॉरमॅट मारला, तरी फर्मवेअर तेच राहते. ते बदलायला ड्राइव्हच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीने दिलेली वेगळी फाईल लागते. ती चढवताना काम अडले, तर दोष बहुधा ड्राइव्हचा नसतो. वीज, बायोसमधले सेटिंग किंवा चुकीची फाईल, या तिन्हींपैकी एक कारण निघते.

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे वैनगंगेकाठचे, गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचे बाजाराचे गाव. राईस मिल, ऑनलाइन अर्जांची केंद्रे, झाडीपट्टी नाट्यमंडळांची कार्यालये अशा अनेकांचे काम येथे लॅपटॉपवर चालते. जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क काढून साटा एसएसडी बसवणे हा सर्वांत स्वस्त कायापालट असल्याने असे लॅपटॉप पुष्कळ दिसतात. जूनमधले वादळ आले की लाईट जाते, आणि नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीत मे महिन्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. या दोन्ही गोष्टींचा फर्मवेअरच्या कामाशी थेट संबंध आहे.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा,’ हे दुकानात नेहमी ऐकू येणारे मत सरसकट खरे नाही. क्रुशियल कंपनीचा एम४ हा ड्राइव्ह एकूण ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस चालू राहिला की प्रतिसाद देणे बंद करत असे. बंद करून सुरू केल्यावर तासाभराने पुन्हा तेच. जानेवारी २०१२मध्ये आलेल्या फर्मवेअरने तो दोष गेला. एचपीईच्या सर्व्हरमधील काही एसएसडींचे प्रकरण याहून भयंकर होते. ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास भरले की ड्राइव्हही जाई आणि डेटाही. कंपनीने नोव्हेंबर २०१९मध्ये तातडीची सूचना काढली. एकाच दिवशी बसवलेले अनेक ड्राइव्ह एकदमच मरण्याचा तो धोका होता. असा दोष अंगात असलेल्या ड्राइव्हला हात न लावणे हीच जोखीम ठरते.

लॅपटॉपवाल्यांना जवळचे उदाहरण ऑक्टोबर २०२४चे. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टेराबाइटच्या ड्राइव्हवर निळा पडदा येऊ लागला. या ड्राइव्हना स्वतःची डीरॅम नसते; ते लॅपटॉपच्या मेमरीतला काही भाग उसना घेतात. आधी विंडोज ६४ मेगाबाइट देत असे, नव्या आवृत्तीने ड्राइव्हने मागितलेले २०० मेगाबाइट देऊन टाकले आणि ड्राइव्ह कोलमडले. उपाय कंपनीच्या नव्या फर्मवेअरमध्येच होता.

अडचणींची सुरुवात बहुधा ‘ड्राइव्ह सापडला नाही’ या संदेशाने होते. पहिले कारण असे, की लॅपटॉपसोबत आलेला ड्राइव्ह सॅमसंगचा असला, तरी तो लॅपटॉप कंपनीसाठी बनवलेला असतो. सॅमसंगचे मॅजिशियन हे साधन त्याचे फर्मवेअर बदलत नाही. त्याची फाईल लेनोवो, डेल किंवा एचपीच्या सपोर्ट पानावर मॉडेल क्रमांक घालून शोधावी लागते. दुसरे कारण यूएसबी केस: बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हपर्यंत फर्मवेअरची आज्ञा बहुतेक केस पोहोचवतच नाहीत. तिसरे कारण बायोसमधील इंटेलचे आरएसटी किंवा व्हीएमडी सेटिंग; ते चालू असले की अपडेटच्या साधनाला ड्राइव्ह थेट दिसत नाही.

या तिसऱ्या कारणाशी जपून वागावे. व्हीएमडी बंद करून थेट विंडोज सुरू केली तर ती निळ्या पडद्यावर अडकते. आधी ‘एमएसकॉन्फिग’मध्ये सेफ बूट निवडावे, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदलावे, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यावी आणि मग सेफ बूटची खूण काढावी. इतके केले की योग्य ड्रायव्हर आपोआप लागतो. विंडोजचे डेटाला कुलूप लावणारे बिटलॉकर चालू असेल तर ते या सगळ्याआधी तात्पुरते थांबवावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल तर शाबूत ड्राइव्हवरचा डेटाही हाती लागत नाही.

फाईल चढली, पण आवृत्ती जुनीच दिसते, अशीही तक्रार असते. एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये नवे फर्मवेअर आधी एका कप्प्यात उतरते आणि नियंत्रक रीसेट झाल्यावर लागू होते. काही ड्राइव्हना साधा रीस्टार्ट पुरत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, थोडे थांबून सुरू करावा लागतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनात आवृत्ती आणि चालू तास दोन्ही दिसतात. पेनड्राइव्हवरून सुरू होणारे अपडेट उघडत नसेल, तर सिक्युअर बूट तेवढ्यापुरते बंद करून पाहावे. लिनक्सवाल्यांना २०१५पासून एफडब्ल्यूअपडी या फर्मवेअर अपडेट साधनाची सोय आहे, मात्र कंपनीने फाईल तेथे ठेवली असेल तरच.

खरी भीती मध्येच वीज जाण्याची. डीरॅममध्ये असलेला पत्त्यांचा तक्ता फ्लॅशवर उतरण्याआधी वीज तुटली, तर गोदामात धानाची पोती जागेवर आणि कोणत्या थप्पीत कोणाची पोती हे लिहिलेली वही मात्र गायब, अशी गत होते. २०११मध्ये इंटेलचे ३२० मालिकेतील काही ड्राइव्ह अचानक वीज गेल्यावर फक्त ८ मेगाबाइटचे दिसू लागले होते. त्याच वर्षी फर्मवेअरने तो दोष निस्तरला. म्हणूनच बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही हवे. बॅटरी मेलेला, केवळ चार्जरवर तगून असलेला लॅपटॉप या कामाला घेऊच नये. उन्हाळ्यात हे काम सकाळी, पंख्याखाली उरकावे. साधारण ७० अंशांच्या आसपास ड्राइव्ह स्वतःहून वेग कमी करतो. मंडळांच्या नाटकांचा हंगाम किंवा अर्जांची शेवटची तारीख तोंडावर असताना तर अपडेट नकोच.

इतके करूनही ड्राइव्ह दिसेनासा झाला तर लगेच फॉरमॅटकडे वळू नये. क्रुशियलने सुचवलेली रीत सोपी आहे: लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर २० मिनिटे तसाच ठेवायचा, बंद करून ३० सेकंद वीज तोडायची आणि तेच पुन्हा करायचे. तेवढ्या वेळात नियंत्रकाला आपला तक्ता नव्याने उभारण्याची संधी मिळते. सॅमसंगच्या ९८० प्रोचे २ टेराबाइटचे काही ड्राइव्ह जुन्या फर्मवेअरवर ‘फक्त वाचन’ अवस्थेत गेले, ते प्रकरण २०२३च्या सुरुवातीला गाजले. त्या अवस्थेत गेलेला ड्राइव्ह नव्या फर्मवेअरनेही पूर्ववत होत नाही. पण वाचता येते तोवर फाईली दुसरीकडे उतरवून घेता येतात, आणि वॉरंटीत बदलून मिळणारा ड्राइव्ह कोराच येत असल्याने ते काम ड्राइव्ह कुरियरला देण्याआधी करावे लागते.