गृहिणीची मोजलेली पावले

स्वयंपाक करताना आपण किती चालतो, याचा हिशेब आपल्यापैकी फारच थोड्या जणींनी ठेवला असेल. अमेरिकेत ख्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी तो मांडला. कारखान्यात कामगारांच्या हालचाली मोजतात, मग गृहिणीच्या का मोजू नयेत, हा विचार त्यांनी १९१२ साली 'लेडीज होम जर्नल' या मासिकातील लेखमालेत मांडला. पुढे तिचे पुस्तक झाले आणि ते जर्मन भाषेतही गेले.

ते वाचणाऱ्यांत मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी होत्या. फ्रांकफुर्ट नगरपालिका तेव्हा कामकरी कुटुंबांसाठी घरे बांधीत होती. आगगाडीच्या भोजन-डब्यातील चिमुकल्या स्वयंपाकघराचाही अभ्यास करून १९२६ साली त्यांनी जेमतेम १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. बसून भाजी चिरण्यासाठी फिरते स्टूल, भिंतीला दुमडून ठेवता येणारी इस्त्रीची फळी, डाळ-पिठासाठी ॲल्युमिनियमचे खण! अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसविली गेली. 'दास नॉये फ्रांकफुर्ट' या मासिकाने या नव्या घरांचा परिचय दूरवर करून दिला.

पावले वाचली, श्रम हलके झाले. हे ऋण मोठेच. परंतु त्या खोलीत दुसऱ्या माणसाला वावरण्यापुरतीही जागा नव्हती. काम सोपे झाले तरी ते एकटीचेच राहिले, असा आक्षेप १९७० नंतर स्त्रियांनीच घेतला.

म्हणून, भगिनींनो, नवे घर बांधताना ओट्याची उंची जरूर विचारा. पण ओट्यापाशी दोघांना उभे राहता येईल का, हेही विचारा.